नवा डेस्कटॉप घेताना आणि पुढे वाढवताना: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कॉम्प्युटर घ्यायला सिल्व्हर मॉल किंवा जेल रोडला निघण्याआधी एकदा वाचून जावं, म्हणून हे पान. भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे रुपयांचे आकडे मुद्दाम फारसे दिलेले नाहीत. कशावर खर्च करायचा आणि कशावर हात आखडता घ्यायचा, एवढं मात्र स्पष्ट लिहिलं आहे.

सुरुवात बजेटपासून करावी की कामापासून?

कामापासून. दुकानात पहिला प्रश्न "बजेट किती?" असाच येतो, आणि तुम्ही आकडा सांगितलात की मशीन त्या आकड्यात बसवलं जातं, तुमच्या कामात नव्हे.

टॅली, ऑफिस, ब्राउझर, ऑनलाइन क्लास, बँकेची कामं एवढंच असेल तर आय३-१२१०० किंवा रायझन ५ ५६००जी या पातळीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी पुरून उरते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. ८ जीबीत आजही काम चालतं, पण विंडोज ११ आणि पंधरा-वीस टॅब उघडले की ते भरतं.

इंजिनीअरिंगला असलेल्या मुलांना कोडिंग, अँड्रॉइड स्टुडिओ, टू-डी ऑटोकॅड लागतं. तिथे सहा कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी, पुढे ३२ करता येतील अशी सोय ठेवून. व्हिडिओ एडिटिंग, थ्री-डी रेंडरिंग आणि गेमिंग आलं की ग्राफिक्स कार्ड आलंच, आणि मग एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) व कॅबिनेटचा हिशोबही बदलतो.

"पुढे अपग्रेड होईल" असं दुकानदार म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, इतकाच त्याचा अर्थ असतो.

पुढची वाट मोकळी राहते की बंद होते, हे तीन वस्तू ठरवतात: मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), एसएमपीएस आणि कॅबिनेट. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड कधीही बदलता येतात. पण बोर्ड बदलायचा तर अख्खं मशीन उघडावं लागतं आणि अनेकदा प्रोसेसर व रॅमही बदलावी लागते. गंमत अशी की कोटेशनमध्ये पैसे वाचवण्यासाठी नेमक्या याच तीन वस्तूंवर कात्री चालते, कारण त्यांचे आकडे गिऱ्हाईक विचारत नाही. आय५ आहे का, १६ जीबी आहे का, हे सगळे विचारतात. एसएमपीएस कोणता, हे कुणी विचारत नाही.

म्हणून आमचा सल्ला एका ओळीत: या तीन वस्तू गरजेपेक्षा एक पायरी वरच्या घ्या आणि बाकीचं आजच्या गरजेपुरतं.

इंटेल की एएमडी?

प्रश्न सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा आहे. एएमडीचं एएम४ सॉकेट रायझनसोबत २०१७ मध्ये घराघरांत आलं, आणि त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५००० मालिकेचे प्रोसेसर चालले. २०२२ च्या सप्टेंबरात एएम५ आलं. त्यावर ७०००, ८०००जी आणि ९००० या मालिका बसतात, आणि २०२७ पर्यंत व पुढेही हे सॉकेट चालवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे. एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम लागते, तिच्या आधीच्या पिढीची डीडीआर४ चालत नाही.

इंटेलचं एलजीए१७०० सॉकेट १२, १३ आणि १४ या तीन पिढ्यांवर थांबलं. पुढचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे प्रोसेसर २०२४ मध्ये आले ते एलजीए१८५१ वर. म्हणजे आज १२व्या पिढीतला आय३ घेतलात, तर पुढे त्याच बोर्डावर १४व्या पिढीतल्या आय५ किंवा आय७ पर्यंत जाता येईल, त्या पिढीपलीकडे नाही.

मशीन सहा-सात वर्षं वापरून सगळंच एकदम बदलणार असाल, तर एलजीए१७०० आणि डीडीआर४ चा जोड अजून चांगला आहे. तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा इरादा असेल तर एएम५. घरगुती वापरात प्रोसेसर बदलणारे फार थोडे असतात, बहुतेक जण रॅम आणि एसएसडीच वाढवतात. त्यामुळे केवळ "फ्यूचर प्रूफ" या शब्दासाठी महाग बोर्ड घेऊ नका.

एक इशारा: १३ आणि १४व्या पिढीच्या वरच्या आय५, आय७, आय९ प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजच्या गडबडीमुळे मशीन अस्थिर होण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) सुधारला आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घेतल्यास पहिल्याच दिवशी बायोस अपडेट करा. झालेलं नुकसान अपडेटने भरून निघत नाही, म्हणून जुना वापरलेला घेऊ नका.

नावाच्या शेवटी एफ, के, जी असतं त्याचा अर्थ काय?

इंटेलमध्ये एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही: ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. आय५-१२४००एफ स्वस्त दिसतो तो यामुळेच. के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा, आणि त्याच्यासोबत सहसा कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. एएमडीत जी म्हणजे आतलं ग्राफिक्स दमदार. रायझन ५ ५६०० ला आतलं ग्राफिक्स अजिबात नाही, रायझन ५ ७६०० ला मॉनिटर चालवण्यापुरतं आहे.

जी प्रोसेसर घेऊन "कार्ड नंतर टाकू" असा बेत असेल तर एक खोच पाहून ठेवा. रायझन ५ ८५००जी ग्राफिक्स कार्डाला फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) देतो, ८६००जी ८ देतो, ७६०० पूर्ण १६ देतो. कार्ड नक्की घेणार असाल तर ८५००जी टाळा.

बोर्ड कोणता?

बोर्ड त्यावरच्या चिपसेटच्या नावाने ओळखतात. इंटेलमध्ये एच६१० ला रॅमचे दोनच स्लॉट आणि बहुधा एकच एम.२ स्लॉट (एसएसडीची जागा) असतो. ऑफिसच्या मशीनला ठीक. पुढे काही वाढवायचं असेल तर बी७६०. एएमडीत ए६२० साध्या कामाला, बी६५० किंवा बी८५० वाढीसाठी.

चिपसेटच्या नावावर समाधान मानू नका. एकाच बी६५० नावाखाली स्वस्त आणि उत्तम असे दोन्ही बोर्ड विकले जातात. डोळ्यांनी बघा: प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) धातूचा हीटसिंक आहे का, एम.२ चे स्लॉट दोन आहेत का, पाठीमागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का. या बटणामुळे प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतो. दुकानात जुना स्टॉक असतो, त्यातल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही आणि स्क्रीन काळीच राहते. बटण नसेल तर बायोस अपडेट करूनच द्या, असं दुकानदाराला आधीच सांगून ठेवा.

रॅमची एक पट्टी घ्यावी की दोन?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अडचणीचा आहे. दोन पट्ट्यांनी ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद. आतल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला याचा मोठा फरक पडतो, कारण ते ग्राफिक्स रॅमच वापरतं. वेगळं कार्ड असेल तर फरक कमी.

डीडीआर४ आणि चार स्लॉटचा बोर्ड असेल तर आज ८+८ आणि पुढे तसाच जोड आणखी एक, हा मार्ग चालतो. डीडीआर५ मध्ये मात्र चार पट्ट्यांचा बेत करू नका. चार भरल्या की वेग घसरतो: रायझन ७००० ला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार पट्ट्यांवर ३६००. कधीकधी मशीन सुरूच होत नाही. तिथे आज १६ ची एक पट्टी आणि पुढे तशीच दुसरी, किंवा जमत असेल तर पहिल्यापासून १६+१६. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, म्हणून एका पट्टीने सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पुढे दुकानात "१६ जीबी डीडीआर५" एवढं सांगून भागत नाही, पार्ट नंबर लागतो. वेगळ्या कंपनीची पट्टी चालतेही, पण दोघी कमी वेगाच्या पट्टीच्या चालीने चालतात, आणि न जमल्यास आठवड्यातून एखादी निळी स्क्रीन दाखवतात, जिचं कारण शोधण्यात महिना जातो.

दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसतात, शेजारीशेजारी नव्हे. बसवल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहील. डीडीआर५ चं मशीन पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवतं. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड आणि रॅमची जुळवणी, चालू असतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

एसएसडी किती मोठी?

विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबी किमान, १ टीबी उत्तम. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, जेन ३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३५०० च्या आसपास, जेन ४ सात हजारांपर्यंत. रोजच्या कामात साटा ते एनव्हीएमई हा फरक थोडा जाणवतो, जेन ३ ते जेन ४ जवळजवळ नाही. जेन ५ वर पैसे घालू नका. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, जुने हिशोब यांच्यासाठी वेगळी हार्ड डिस्क पुरते. दुसरी एम.२ एसएसडी टाकण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल बघा: काही बोर्डांवर एम.२ चा दुसरा स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात, आणि मग "हार्ड डिस्क गेली" अशी ओरड होते.

एसएमपीएस ५०० वॉटचा की ६५० चा?

आधी डब्यावरचा मोठा आकडा विसरा आणि बाजूचं लेबल वाचा. त्यावर +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेले असतात. अँपिअर गुणिले १२ म्हणजे खरी ताकद, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच चालतात. चांगल्या ५५० वॉटच्या युनिटवर ४५ अँपिअरच्या आसपास दिसतील, म्हणजे ५४० वॉट. स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या "४५० वॉट"च्या डब्यावर १६ अँपिअर लिहिलेलं आढळतं, म्हणजे १९२ वॉट. लेबलच नसेल तर तो डबा परत द्या.

हिशोब असा: रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, आरटीएक्स ५०६० चे १४५, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक. एकूण २८०-२९०. त्यावर ५५० चा युनिट आरामात चालतो. पुढे आरटीएक्स ५०७० सारखं २५० वॉटचं कार्ड टाकायचं मनात असेल तर आजच ६५० घ्या. ऑफिसच्या मशीनला ४५० पुष्कळ झाला, पण तोही ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा. ब्रॉन्झ पुरतो, गोल्ड मिळाला तर वीज आणि उष्णता दोन्ही थोडी कमी. वॉरंटीची वर्षं बघा, कंपनीचा आपल्या मालावर विश्वास किती ते तिथे दिसतं: पाच वर्षं असेल तर निर्धास्त घ्या.

मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलू नका. कॉम्प्युटरच्या बाजूचं टोक सारखं असतं, पण डब्याकडच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि हार्ड डिस्क पहिल्याच क्षणी जळते. डेटा गेला तो गेलाच.

ग्राफिक्स कार्ड नंतर टाकायचं आहे. आज काय बघून ठेवू?

कॅबिनेटमध्ये कार्डाला किती मिलिमीटर जागा आहे, हे पुस्तिकेत असतं. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५० मिमी, तीन पंख्यांची ३०० च्या पुढे. पुढच्या पंख्यांची जाडी त्यातून वजा करा. एसएमपीएसला ८ पिनचे पीसीआयई कनेक्टर किमान दोन हवेत. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाच्या पोर्टला नाही. "नवं कार्ड टाकूनही गेम अडखळतो" या तक्रारीतल्या निम्म्या केबलच्याच असतात.

इंदूरच्या उन्हाळ्यात मशीन तापून बंद पडेल का?

खोलीचं तापमान जितकं वाढतं, जवळजवळ तितकंच आतलं वाढतं. जानेवारीत ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ९० गाठू शकतो. रायझन ७००० ची मर्यादा ९५ अंश, इंटेलची १००. तिथे पोचला की प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून मशीन दुपारी हळू आणि रात्री बरं चालतं.

कॅबिनेटचं तोंड जाळीचं हवं. काचेचं पुढचं पॅनल दिसायला छान, पण हवा कोंडते. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं पुरे. रंगीत दिव्यांचे सहा पंखे घेण्यापेक्षा तो पैसा एसएमपीएसवर घाला.

पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. ओलाव्याबरोबर बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी असेल तर त्यातला पांढरा क्षार कनेक्टरवर बसतो. दोन उन्हाळ्यांत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर डाग दिसू लागतात. कूलर खोलीत असू द्या, कॅबिनेट त्याच्या रेषेबाहेर, जमिनीपासून किमान चार-पाच इंच वर.

धूळ वर्षातून दोनदा काढा. दिवाळीच्या साफसफाईत एक वेळ होतेच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा: हवेने भरधाव फिरलेला पंखा उलटी वीज बोर्डात पाठवू शकतो. ओलं फडकं आत नेऊ नका.

यूपीएस घ्यावा का? घरी इन्व्हर्टर आहे.

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा स्विच असतो तो बघा. साध्या मोडवर वीज जाऊन इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात मशीन रीस्टार्ट होतं, यूपीएस मोडवर सहसा होत नाही. पण पंखे, दिवे आणि कॉम्प्युटर एकाच इन्व्हर्टरवर असतील तर क्षमता मोजूनच.

वेगळा यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट. ऑफिसच्या मशीनला आणि मॉनिटरला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून बंद करायला पुरेशी. ग्राफिक्स कार्डाच्या मशीनला १००० किंवा ११०० व्हीए. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका, गरम होताना तो एका झटक्यात इतका भार घेतो की यूपीएस किंचाळून बंद पडतो. आतली १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. फक्त बॅटरी बदलून मिळते, नवा यूपीएस नको.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुधा नाही, घराचं अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर मुख्य विजेच्या साधारण निम्मा व्होल्टेज उभा राहतो आणि टेस्टर पेटतो. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत तीन पिनचा सॉकेट दिसतो खरा, पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने मोजायला सांगा: फेज-अर्थ हा फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंग नीट होईपर्यंत महागडं मशीन त्या पॉइंटवर लावू नका.

जूनच्या पहिल्या वादळात वीज कडाडू लागली की पॉवरचा प्लग काढाच, आणि राउटरकडून येणारी लॅनची केबलही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून लॅनच्या तारेत येते. बोर्डाचा लॅन पोर्ट जातो तो असाच.

सिल्व्हर मॉल, जेल रोड की ऑनलाइन?

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एकाच इमारतीत अनेक दुकानं आहेत, म्हणून तीन कोटेशन तासाभरात मिळतात. असेंबल करून घ्यायचं असेल तर तेच सोयीचं: एखादा भाग बिघडलेला निघाला तर त्याच दिवशी बदलतो. एखाद-दुसरा भाग, विशेषतः एसएसडी आणि एसएमपीएस, ऑनलाइन स्वस्त मिळू शकतो. पण सगळे भाग वेगवेगळ्या ठिकाणाहून मागवून जोडायला दुकानात नेलेत, तर मशीन सुरू न झाल्यास दोष कुणाचा, हे ठरवण्यात तुमचा जीव जातो.

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात पूर्ण मॉडेल नंबर मागा. "आय५ + १६ जीबी + ५१२ एसएसडी + कॅबिनेट विथ एसएमपीएस" हे कोटेशन नव्हे. प्रत्येक ओळीत कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं हवीत. "कच्च्यात घेतलं तर स्वस्त पडेल" असं कुणी म्हटलं तर हसून नको म्हणा. पक्कं बिल, १८ टक्के जीएसटीसह, आणि बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. प्रोसेसर आणि बोर्डाची वॉरंटी सहसा तीन वर्षं असते, आणि ती मागताना बिल लागतंच. प्रोसेसर बॉक्सचा (कंपनीच्या खोक्यातला) आहे की ट्रेचा (सुटा), हेही विचारा: ट्रेच्या प्रोसेसरला ग्राहकासाठी कंपनीची थेट वॉरंटी नसते, दुकानदाराने दिली तर तेवढीच.

खोके फेकू नका, निदान वॉरंटी असेपर्यंत. माळ्यावर जागा करा.

पंधरा हजारांत "नवा आय५, १६ जीबी" मिळतोय. घेऊ का?

पिढी विचारा. आय५ हे नाव २००९ पासून चालू आहे, त्यामुळे नुसतं "आय५" काहीच सांगत नाही. असं मशीन बहुधा एच६१ किंवा एच८१ चिपसेटच्या नव्याने बनवलेल्या बोर्डावर उभं असतं, आणि त्यात दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा, कुठल्यातरी कार्यालयातून निघालेला प्रोसेसर असतो. कॅबिनेट नवं, कीबोर्ड नवा, आत्मा दहा वर्षांपेक्षा जुना. रॅम डीडीआर३, पुढे कुठल्याच मशीनला लागू नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारण इंटेलची ८वी पिढी किंवा रायझन २००० आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं.

बजेट खरोखर तेवढंच असेल तर ८व्या पिढीपासून पुढचं, मोठ्या कंपनीचं रिफर्बिश्ड मशीन घ्या. ते जुनं आहे असं सांगूनच विकलं जातं, हा मोठा फरक.

ब्रँडेड डेस्कटॉप बरा नाही का? कटकट नको.

घरी येऊन सर्व्हिस हवी असेल आणि पुढे काहीच वाढवायचं नसेल तर बरा. पण बऱ्याच ब्रँडेड लहान मशीनमध्ये एसएमपीएस वेगळ्या मापाचा आणि बोर्डाचा कनेक्टरही वेगळा असतो. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे लागत नाही, म्हणून मोठं ग्राफिक्स कार्डही टाकता येत नाही. रॅम आणि एसएसडी वाढवता येते.

विंडोज दुकानदार "टाकून देतो" म्हणतो.

बिलावर लायसन्सची ओळ नसेल तर ते लायसन्स नाही. ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत मिळणाऱ्या लायसन्स-की कधीही बंद पडू शकतात. ओईएम लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं, बोर्ड बदलला की गेलं. रिटेल दुसऱ्या मशीनवर नेता येतं. बोर्ड बदलण्याचा बेत असेल तर रिटेलचा जास्तीचा पैसा वसूल होतो. फक्त ब्राउझर आणि अभ्यास असेल तर उबुंटू फुकट आहे आणि मराठी टायपिंग त्यातही होतं.

मशीन घरी नेण्याआधी दुकानात काय तपासू?

बायोस उघडून प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा आणि वेग. विंडोजमध्ये सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही भागांची माहिती दाखवणारी सॉफ्टवेअर. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे पॉवर-ऑन तास: नव्या एसएसडीवर ते एक आकडी असावेत, शेकड्यांत असतील तर ती वापरलेली आहे. बिलावरचे सीरियल नंबर भागांवरच्या स्टिकरांशी जुळवा. इंटेलचा कूलर असेल तर त्याच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एखादी अर्धवट बसलेली नाही ना, ते बोर्डाच्या मागून बघा. एक खुंटी सुटली तरी प्रोसेसर मिनिटाभरात शंभरीला पोचतो.

दोन-तीन वर्षांनी मशीन हळू झालं. आधी काय बदलू?

टास्क मॅनेजर उघडा, तुमचं सर्वांत जड काम चालू असताना. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आणि ती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, आणि हा बदल सगळ्यांत जास्त जाणवतो. प्रोसेसर सतत १०० टक्के असेल तर प्रोसेसर, पण आधी त्याचा वेग बघा: गिगाहर्ट्झचा आकडा घसरत असेल तर तो तापतोय. धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, दोन-तीनशे रुपयांत काम होईल. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड ९५ टक्के दिसणं हा दोष नव्हे, त्याचं कामच ते. यातलं काहीच भरलेलं नसेल तर स्टार्टअपला सुरू होणारे प्रोग्राम बंद करा आणि पैसे ठेवा खिशात.

प्रोसेसर बदलताना काय सांभाळावं?

जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करा, आणि ते यूपीएसवर. मधेच वीज गेली तर फ्लॅशबॅकच्या बटणाशिवाय बोर्ड जिवंत होणं अवघड. विंडोज ११ अनेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं, म्हणून बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. एएमडीवर नवा प्रोसेसर बसवल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) रीसेट करायचं का, असा प्रश्न पहिल्याच स्क्रीनवर येतो. रिकव्हरी की हाताशी नसताना वाय (म्हणजे हो) दाबलं तर डेटा कुलूपबंद.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, बंद करून प्लग काढा, आणि मग कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत उचला. थंड असताना सरळ ओढला तर कूलरला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, त्यामुळे तिथे प्रोसेसर वरून पडू देऊ नका. बोर्डाच्या वाकलेल्या पिना वॉरंटीत येत नाहीत.

जुन्या मशीनमधलं काय वाचतं?

कॅबिनेट, चांगला एसएमपीएस, एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या बोर्डात शिरतही नाही, खाचच वेगळ्या जागी असते. जुना बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र विकले तर सुट्यापेक्षा चांगला भाव येतो. एसएसडी विकायची असेल तर नुसतं फॉरमॅट करू नका, बायोसमधून किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून सिक्युअर इरेज चालवा. हार्ड डिस्कमध्ये बँकेचे कागद होते आणि ती चालत नाही, तर विकू नका: स्क्रू उघडा, आतल्या तबकड्या काढून ओरखडे मारा आणि बाकीचा सांगाडा ई-कचऱ्यात द्या.